मैल्या बाजूचं टेबल

५ जानेवारी

प्रिय आत्या,

"कोण काय बोलतं ते सगळेच ऐकतात. कोण कोणासमोर गप्प होतं, तेवढं तू बघत जा." लाँड्रीतल्या माझ्या पहिल्या आठवड्यात तू हे म्हणाली होतीस, हातातली चादर झटकत, माझ्याकडे न बघता. मी तेव्हा नुकती बिलं करायला बसू लागले होते आणि मला वाटलं, तू मला चहाड्या करायला शिकवतेयस. आता तुझ्या जागेवर बसल्यावर ते वाक्य रोज कामाला येतं. म्हणून हे पत्र त्यानेच सुरू केलं.

काका फोनवर म्हणाला, त्याच्याकडे राहायला गेल्यापासून तू माझं नाव काढत नाहीस, पण मोठ्या इस्त्रीचा रूळ बदलला का, हे मात्र जेवताना विचारत होतीस. बदललाय. चादरीच्या कडेला पडणारी ती पिवळी रेघ गेली. तुझं म्हणणं बरोबर होतं, दोष कापडाचा नव्हता.

जायच्या दिवशी तू सगळ्यांचा निरोप घेतलास. ड्रायव्हरचा, घड्या घालणाऱ्या बायकांचा, अगदी फाटकापाशी झोपणाऱ्या कुत्र्याचाही. माझाच राहिला. मालकांनी तुझ्या खुर्चीत मुकादमाला न बसवता मला बसवलं, याचा तुला राग आहे. तो मला कळतो. पण मी त्याची माफी मागणार नाही. खुर्ची मी मागितली नव्हती, आणि काम मला येतं. तूच शिकवलंयस.

दोन गोष्टी रेडिओ तुला फोनवर सांगेलच, त्याआधी मी सांगते. (घडीवरच्या त्या बडबडीला आम्ही अजून रेडिओच म्हणतो. ती अजून बंद होत नाही.)

एक, मी माझं टेबल वरच्या ऑफिसातून मैल्या बाजूला नेलं. हॉस्पिटलच्या गाड्या गाठोडी उतरवतात तिथे, वजनकाट्याच्या शेजारी. आता पलीकडे धुतल्या बाजूला जायचं तर मलाही आंघोळ करून, पांढरा कोट घालूनच जावं लागतं. चादर यंत्राच्या एका दारातून आत जाते आणि भिंतीपलीकडच्या दारातून स्वच्छ निघते, मला तशी सोय नाही. रेडिओ म्हणते, "बाई इतक्या स्वच्छ झाल्यात की चादरींना लाज वाटायला लागलीय."

दुसरं, मैल्या बाजूला शिक्षा म्हणून आता कोणाला पाठवायचं नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. चादरींतून चिमटा, कात्री, सुई काहीही धुऊन पलीकडे निघालं, तर ज्याला सापडेल त्याने ते खिडकीतल्या काचेच्या बरणीत टाकायचं. कोणाची चूक, हे विचारलं जाणार नाही. पाळी सगळ्यांची लागेल, मुकादमाचीसुद्धा.

बाकी ठीक. हॉस्पिटलकडून एक किरकोळ तक्रार होती, ती मी बघतेय.

तुझी,
बारकी


२८ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळींचं का होईना, आलं. काकाच्या अक्षरातला पत्ता आणि आत तुझं अक्षर पाहून मी पाकीट तसंच हातात घेऊन बसले होते. मग वाचलं.

"माझ्या काळात एकही चिमटा धुतल्या बाजूला निघाला नाही. टेबल परत वर ने. तू फार गोड आहेस, आणि गोडाला मुंग्या लागतात."

मुंग्यांचं नंतर बोलू. आधी त्या किरकोळ तक्रारीचं सांगते, कारण ती किरकोळ नव्हती. मी तसं लिहिलं कारण तुझं पहिलं उत्तर "मी सांगितलं होतं" असं यायला नको होतं.

ऑपरेशनच्या खोलीतल्या एका हिरव्या चादरीच्या घडीत सुई राहिली. आपल्याकडून धुऊन, इस्त्री होऊन, शिक्का बसून गेली. तिथली एक नवी नर्स घडी उलगडत होती, तिच्या तळव्यात ती शिरली. मुलीच्या तपासण्या चालू आहेत, शेवटचा रिपोर्ट अजून यायचाय. मी तिला भेटायला गेले होते. तिची आई दारातच म्हणाली, "सुई कपड्यात चुकून राहिली, की कोणी बघूनही राहू दिली?" मी तिला माझा फोन नंबर लिहून दिला.

परत येऊन सगळ्यांना विचारलं. सगळे गप्प. तुला तो शांतपणा माहीत आहे. तू दारात आलीस की तोच पसरायचा. रेडिओसुद्धा अर्ध्या वाक्यात थांबायची. तू त्याला शिस्त म्हणायचीस, मीही म्हणायचे. या वेळी तो माझ्यासाठी पसरला तेव्हा मला तो ओळखता आला.

दुसऱ्या दिवशी मी घडीच्या टेबलाशी उभी राहिले. समोर उंच बाई. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. आम्ही ताणली आणि फरशीवर काहीतरी खणकन वाजलं. तिने त्यावर पाय ठेवला, इतक्या सवयीने की हातांची लय चुकली नाही.

"पाय उचला," मी म्हटलं.

"कशाला?"

"उचला तर."

"तुम्ही ऑफिसात बसा ना बाई. इथे वाफ लागते तुम्हाला."

"उंच बाई."

तिने उचलला. खाली चिमटा होता, रक्त बंद करायला वापरतात तसला. ती तो बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तिकडे माझी जाऊ आहे."

एवढंच. पण मग मी तिला चहाला बसवलं आणि बाकीचं हळूहळू निघालं. फार पूर्वी तिने तुला एक कात्री आणून दिली होती, प्रामाणिकपणे. आठवतं? तू विचारलंस, तिकडे कोण होतं, आणि तिच्या जावेला मैल्या बाजूला कायमचं टाकलंस. घर एक, चूल एक. "घरात भांड्यांचे आवाज वाढले," ती म्हणाली. "सासूबाई मला म्हणायच्या, तुझा खरेपणा घाल चुलीत. दिराने मुलांसमोर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यानंतर मी काही दाखवलं नाही बाई. कोणीच दाखवत नाही. आज माझी जाऊ, उद्या हिचा नवरा, परवा तिची बहीण. तिकडे आपलंच कोणीतरी असतं."

"मग सापडलेलं जातं कुठे?"

ती हसली आणि चहा संपवून उठली.

मी तो चिमटा स्वतः बरणीत टाकला. तो पहिला. बरणी त्याच संध्याकाळी लावली, टेबलही तेव्हाच खाली आणलं, आणि ते सगळ्यांसमोरचं बोलणंही तेव्हाचंच. म्हणजे माझ्या पहिल्या पत्रातल्या दोन्ही गोष्टी या सुईमुळे झाल्या, गोडपणामुळे नाही. आता तुला सगळं सांगून झालं.

टेबल वर नेणार नाही. स्वेटर पाठवतेय, तुझ्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही.

बारकी


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी चांगली बातमी. नर्सचा शेवटचा रिपोर्ट आला, ती ठीक आहे. तिच्या आईने फोनवर नीट बोलून घेतलं, आणि शेवटी जेवलात का, असंही विचारलं.

दुसरी बातमी रेडिओने तुला दिलीच असणार. बरणी भरत चाललीय.

सुरुवातीला काही दिवस तिच्यात मी टाकलेला तो एकच चिमटा होता. सगळे येता-जाता तिच्याकडे बघायचे, जसं काही तिच्यात साप आहे. मग मुकादमाची मैल्या बाजूला पाळी लागली. तुझा मुकादम, पांढऱ्या मिशांचा, ज्याच्या हातून गोष्ट सुटत नाही असं तू म्हणायचीस. त्याच्या पाळीत भरलेल्या यंत्रातून एक कात्री निघाली. रेडिओला सापडली. ती चक्क कात्री उंच धरून हॉलभर फिरली. "मुकादमसाहेबांची आहे हो कात्री, मिशा कापायला आणली होती." सगळ्यांचे हात थांबले. मुकादम काचेपलीकडून बघत होता. मग त्याने हात जोडले आणि हसला. त्याला एवढ्या वर्षांत हसताना मी पाहिलं नव्हतं, समोरचा एक दात नाहीये त्याला.

त्या दिवसापासून बरणीत चिमटे, सुया, एक थर्मामीटर, कोणाची तरी कवळी. आणि लोक बोलायला लागले. हिरव्या चादरींचे खिसे आतून शिवलेले असतात, त्यांत वस्तू अडकतात, हे जावेने सांगितलं. इतकी वर्षं तिकडे उभी होती, तिला कोणी विचारलंच नव्हतं, कारण शिक्षा भोगणाऱ्या माणसाचं मत कोण घेतं? आम्ही हॉस्पिटलला सांगून ते खिसे काढवले.

आता मुंग्यांचं. एकाला मी काढून टाकलं. तो कानात गाणी घालून गाठोडी न उघडता यंत्रात ढकलायचा. समजावलं, शेजारी उभं राहून दाखवलं, शेवटी घरी पाठवला. तू त्याला ठेवलं असतंस, आत्या. ठेवलंच होतंस. कारण तुझ्याकडे मैल्या बाजूपेक्षा खाली पाठवायला जागाच उरली नव्हती. तिथल्या माणसाला आणखी काय होणार होतं? सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवायची जागा, आणि तिथे आपण सगळ्यात रागावलेली माणसं उभी करत होतो. मी हे तुला टोचायला लिहीत नाही. मला हे समजायला खूप वेळ लागला, आणि समजल्यावर सांगावंसं वाटणारं माणूस तूच आहेस.

काल हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर आल्या होत्या, मालकांना घेऊन. बरणी बघून मालकांचा चेहरा उतरला.

"हे सगळं या दीड महिन्यातलं?"

"हो."

"आणि आत्या होत्या तेव्हा?"

"तेव्हा बरणी नव्हती."

"बाई, मी सरळ विचारतोय."

"मीही सरळच सांगतेय. तेव्हा हे कुठे जायचं ते मला माहीत नाही. पण येत होतं."

सिस्टर बाहेर पडताना मालकांना म्हणाल्या, "आम्हाला आकडा कमी दिसायला हवा." मालकांनी मान डोलावली. नंतर मला म्हणाले, "तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण हॉस्पिटलचं काम गेलं तर विश्वास घेऊन मी काय करू?" त्यांचंही खोटं नाही. मी त्यांना म्हटलं, मला मार्चअखेरपर्यंत वेळ द्या. दिला.

मला भीती वाटत नाही, असं मी लिहिणार होते. थोडी वाटते. पण काम बरोबर चाललंय, आणि ते मला सकाळी फाटकातून आत येतानाच कळतं. आवाज येतो, आत्या. हॉलमधून बोलण्याचा आवाज येतो.

तुझी,
बारकी


१४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र नाही. स्वेटर घातलास असं काका म्हणाला. एवढं पुरे.

परवा धुतल्या बाजूची मोरी तुंबली. घडीच्या टेबलांमागची, जिथे बायका हात धुतात. पाणी उलटं यायला लागलं, रेडिओ टेबलावर चढून बसली आणि तिथूनच सगळ्यांना सूचना देत होती. प्लंबर आला, तोच, बुटका. त्याने जाळी काढली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मोरीच्या पोटात दवाखाना आहे."

मग तो काढतच राहिला. चिमटे, सुयांचे गंजलेले पुंजके, कात्रीचं एक पातं, धातूच्या पट्ट्या. वरचे थोडे स्वच्छ, खालचे काळे, त्याखालचे एकमेकांना चिकटून दगड झालेले. बादली भरली. सगळे भोवती उभे होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग उंच बाई पुढे झाली, वाकून त्यातला एक काळा चिमटा उचलला आणि म्हणाली, "हा माझा असेल." मागून कोणीतरी म्हणालं, "तुझा कशावरून, माझा असेल." आणि मग, आत्या, त्या हसायला लागल्या. जाऊ काचेपलीकडून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि हिला हसू आवरत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पण हसले. प्लंबर म्हणाला, "मी ही बादली धरून उभा आहे आणि तुमची जत्रा चाललीय."

मी ती बादली मालकांकडे नेली. त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, मी त्यावर ओतली.

"हे जुनं कशावरून?"

"गंज बघा."

"पाण्यात आठवड्यात गंज चढतो."

"एवढा नाही चढत."

त्यांनी एक पातं उचललं, ठेवलं, हात पुसले. मग म्हणाले, "बाई, तुमचं खरंही असेल. पण आत्यांनी मला दरवर्षी सांगितलं, एकही वस्तू पलीकडे जात नाही. त्यांनी मला कधी खोटं सांगितलं नाही. बादलीचं ऐकू की त्यांचं?"

"त्यांनी खोटं सांगितलं नाही," मी म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं.

मी निघताना त्यांनी मला सरळ सांगितलं की ते तुला पत्र लिहिणार आहेत. परत या, घडी बसेपर्यंत तरी सांभाळा, बाईंना बिलांकडे बसवू. मला अंधारात ठेवलं नाही, हे त्यांचं चांगलं आहे.

हे हाती पडेपर्यंत तुला ते पत्र मिळालेलं असेल.

बारकी


२६ मार्च

प्रिय आत्या,

तुझी एक ओळ आली. "मालकांचं पत्र आलं. विचार करते आहे."

कर. पण विचारात काय काय घ्यायचं ते मला सांगू दे, कारण इथे मी आहे.

तू आलीस तर मी भांडणार नाही. बिलं मला अजून आवडतात. तू आलीस की हॉल गप्प होईल, बरणी आठवडाभरात रिकामी दिसेल आणि सिस्टर खूश होतील. मोरी मात्र पुन्हा भरायला लागेल. आणि तू विचारशील, तिकडे कोण होतं. तू विचारल्याशिवाय राहायची नाहीस, ते तुझ्या हाडात आहे. या तीन महिन्यांत ज्यांनी मुठी उघडल्या त्या सगळ्यांची नावं आता सगळ्यांना माहीत आहेत. मुकादम, उंच बाई, तिची जाऊ. त्यांनी माझ्या शब्दावर मुठी उघडल्या. पहिला बळी त्यांचाच जाईल. माझी खुर्ची गेली तर जाऊ दे, पण हे होऊ देणार नाही असं मी त्यांना सांगून बसलेय. आणि ते पूर्णपणे माझ्या हातात नाहीये, हे मला रोज जेवताना आठवतं.

स्वतःबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. तू ठरवशील काय वाटून घ्यायचं. पण मी काय बघितलंय तेही लिहून ठेवते. ज्या बायकांना कोणी कामावर घेत नव्हतं त्यांना तू घेतलंस. मैल्या बाजूला गरम पाण्याची आंघोळ मिळावी म्हणून तू मालकांच्या वडिलांशी भांडलीस, आणि ते देत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या केबिनमध्ये मैल्या कपड्यांची गाठोडी नेऊन ठेवलीस. लोक अजून सांगतात. आई गेल्यावर माझी वेणी घालून मग तू कामाला जायचीस आणि केसांना कधी ओढ बसू द्यायची नाहीस. तुझ्यासमोर लोक गप्प व्हायचे ते तू वाईट होतीस म्हणून नव्हे. तू एकदा निकाल दिलास की तो बदलायचा नाही, आणि निकाल दुसऱ्याच्या घरात जाऊन राहायचा. ते तुला दिसत नव्हतं. आपल्यासमोरची शांतता आपल्याला कशी ऐकू येणार? माझ्यासमोरही आता काहीतरी गप्प होत असेल. ते मला सांगायला मी रेडिओला नेमलंय, आणि ती हे काम फार आवडीने करते. परवा म्हणाली, "बाई, तुम्ही माफ करताना फार मोठा चेहरा करता. त्यापेक्षा ओरडा." मी चेहरा लहान करायला शिकतेय.

मालक सोमवारी ठरवणार आहेत. त्यांना बादली पटत नाही, मी पटत नाही, उंच बाईला तर ते विचारणारच नाहीत. तुझा शब्द पटेल. इतक्या वर्षांत त्यांनी तुझ्या शब्दापुढे दुसरं काही ठेवलेलं नाही.

म्हणून मागते. येऊ नकोस. त्याऐवजी त्यांना पत्र लिही. मोठं नको, मला पाठवतेस तेवढंच. "चिमटे माझ्या काळातही येत होते. मला कोणी सांगत नव्हतं." पहिलं वाक्य तू एक वेळ लिहिशील, बादली पाहिलीस तर. दुसऱ्यावर तुझा हात थांबेल. पण पहिलं एकटं गेलं तर ते म्हणतील, मग तुम्ही गप्प का राहिलात. दोन्ही लागतात.

काकाकडे पाकीट तयार आहे, पत्ता घातलेलं. तू लिहिणार नाहीस, आत्या. मी तुझ्याजवळ वाढले, मला माहीत आहे. पाकीट ड्रॉवरमध्ये जाईल आणि त्यावर तू औषधांच्या बाटल्या ठेवशील.

तरी लिही.

तुझी,
बारकी